ब्रदर जोसेफ डटन : कालावाव येथील अनाथ मुलांचे पालक

मोलोकाई बेटाचे नाव निघाले की आपणां कॅथोलिकांच्या मनापुढे प्रथम संत दामियन उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु दामियनांनी मरतेसमयी जी मुले मागे ठेवली त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ती मुले कुष्ठरोगाने ग्रासलेली होती, बहुतेक पोरकी होती, आणि त्या बेटावरून परत जाण्याची त्यांस मुभा नव्हती. त्यांचा सांभाळ पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या गृहस्थाने केला तो धर्मगुरू नव्हता, कोणत्याही मठाचा व्रतस्थ नव्हता, आणि पगारी चाकर तर नव्हताच. तो एक निवृत्त अमेरिकन सैनिक होता व आपल्या पूर्वायुष्याचे प्रायश्चित्त करावे म्हणून परमुलखी आला होता. जुबिलीच्या प्रसंगी आपण आपल्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची नावे कृतज्ञतेने घेतो. त्याच प्रसंगी एका संसारी श्रद्धावंताचे चरित्रही वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

आयरा बार्न्स डटन यांचा जन्म २७ एप्रिल १८४३ रोजी अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतात स्टो या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब विस्कॉन्सिन प्रांतातील जेन्सव्हिल येथे जाऊन राहिले. घर प्रॉटेस्टंट पंथाचे होते. १८६१ साली अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांमध्ये यादवी युद्ध जुंपले, तेव्हा अठरा वर्षांचे डटन विस्कॉन्सिनच्या तेराव्या पायदळ पलटणीत भरती झाले. त्यांच्या वाट्यास मुख्यत्वे कोठारखात्याचे काम आले. सैन्यास लागणारे सामान मोजून घ्यावे, वाटून द्यावे, कागदोपत्री नीट मांडून ठेवावे, असे ते रुक्ष काम. पण ते त्यांनी इतक्या चोखपणे केले की युद्ध संपेपर्यंत ते लेफ्टनंटच्या हुद्द्यास चढले. ही हिशेबी टापटीप पुढे कोठे उपयोगी पडावयाची होती, हे त्या वेळी देवावाचून कोणास ठाऊक असणार?

१ जानेवारी १८६६ रोजी त्यांनी विवाह केला. स्नेह्यांनी धोक्याची सूचना दिली होती, ती त्यांनी मानली नाही. विवाह टिकला नाही. थोड्याच काळात पत्नी त्यांस सोडून परपुरुषाबरोबर निघून गेली. या घावाने डटन खचले आणि मद्याच्या आहारी गेले. दिवसा ते आपले काम नेटाने करीत. युद्धात मेलेल्या सैनिकांचे अवशेष ठिकठिकाणच्या रानांतून काढून राष्ट्रीय दफनभूमीत पुन्हा पुरण्याच्या कामावर त्यांनी देखरेख केली. पुढे युद्धात ज्यांचे नुकसान झाले त्यांचे दावे तपासण्याचे सरकारी कामही त्यांजकडे होते. या कामांत त्यांच्या नावास कधी बट्टा लागला नाही. रात्र मात्र बाटलीच्या स्वाधीन असे. असे सुमारे दहा वर्षे चालले. त्या काळाविषयी ते पुढे फार थोडे बोलत, आणि जे बोलत त्यात स्वतःखेरीज कोणालाही दोष देत नसत.

१८७६ साली त्यांनी दारू सोडण्याचा निश्चय केला व तो मरेपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, पाळला. येथे कोणासही वाटेल की मनुष्य सुधारला, आता त्याची गोष्ट संपली. डटन यांस तसे वाटले नाही. वाईट सवय सुटली, तरी वाया घालविलेल्या दहा वर्षांचे देणे शिल्लक आहे, ही टोचणी त्यांस लागून राहिली. त्या देण्याचा विचार करता करता ते कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीकडे वळले. पापाची क्षमा मिळाल्यावरही प्रायश्चित्तास जागा उरते, हे जे आपण लहानपणी धर्मशिक्षणात पाठ करतो आणि मोठेपणी विसरतो, तेच या प्रौढ माणसास ओढून घेण्यास कारण झाले. २७ एप्रिल १८८३ रोजी, वयास बरोबर चाळीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, टेनेसी प्रांतातील मेम्फिस शहरी संत पीटर यांच्या मंदिरात त्यांचा कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश झाला. त्यांनी जोसेफ हे नाव घेतले.

त्यानंतर ते केंटकी प्रांतातील गेथसेमनी येथे ट्रॅपिस्ट संन्याशांच्या मठात जाऊन राहिले. तेथे मौन, शेतकाम व प्रार्थना यांत वीस महिने गेले. मठाविषयी त्यांच्या मनात शेवटपर्यंत प्रेम राहिले, परंतु आपले पाचारण हे नव्हे, असे त्यांस कळून आले. हाताने करावयाचे, इतरांच्या उपयोगी पडावयाचे, आणि ज्यात मोबदला मिळणार नाही असे काही काम त्यांस हवे होते. अशा मनःस्थितीत न्यू ऑर्लिन्स येथील एका मठाच्या वाचनालयात मोलोकाई बेटावरील फादर दामियन यांच्या कार्याविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला. त्यांनी लगेच सामान बांधले, असे मात्र झाले नाही. चार्ल्स वॉरेन स्टॉडर्ड नावाचे लेखक ते बेट प्रत्यक्ष पाहून आले होते व त्या सुमारास नोटर डेम विद्यापीठात शिकवीत होते. डटन त्यांजकडे गेले, सर्व माहिती विचारून घेतली, आणि आपली तेथे खरोखर गरज आहे अशी खात्री पटल्यावरच सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. परदेशी सेवेस जाणाऱ्या अनेकांच्या अंगी उत्साह पुष्कळ असतो, हा विचारीपणा फार थोड्यांच्या अंगी असतो.

त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते व राजा कालाकाउआ गादीवर होता. १८६५ च्या कायद्याने कुष्ठरोग्यांस घरच्या माणसांपासून तोडून मोलोकाईच्या उत्तरेकडील एका भूशिरावर नेऊन ठेवीत. तीन बाजूंस समुद्र, चौथ्या बाजूस भिंतीसारखा सरळ उभा कडा. पहिले रोगी १८६६ साली तेथे उतरविण्यात आले. त्यांत लेकरे असत. आईच्या कुशीतून काढून आणलेली मुले बलवान रोग्यांच्या हाती पडत, राबविली जात, बिघडविली जात. १८७३ साली तेथे आलेल्या फादर दामियन यांनी हे पाहून कालावाव येथे संत फिलोमिना मंदिराशेजारी मुलांकरिता व मुलींकरिता निवारे बांधले होते.

२९ जुलै १८८६ रोजी डटन मोलोकाईस उतरले. दामियन घोड्याची गाडी घेऊन किनाऱ्यावर आले होते. दामियन सेहेचाळीस वर्षांचे, डटन त्रेचाळीस वर्षांचे. धर्मगुरूंच्या देहावर रोगाची चिन्हे स्पष्ट दिसू लागली होती. या नव्या मदतनिसास ते त्या दिवसापासून ब्रदर म्हणू लागले, आणि कोणतेही व्रत न घेतलेल्या या माणसास जगाने पुढे त्याच नावाने ओळखले. १८९२ साली ते संत फ्रान्सिस यांच्या तिसऱ्या संघाचे सभासद झाले. त्यांची पदवी म्हणाल तर एवढीच.

या दोघांचे स्वभाव अगदी भिन्न होते. दामियन तापट, धडाडीचे. एक भिंत पुरी होण्याआधी दुसरीचा पाया खणावयाचे. डटन शांत, मृदुभाषी. अर्धवट राहिलेले काम मागून मुकाट्याने पुरे करावयाचे. दामियन यांच्या तापटपणामुळे इतर सोबत्यांशी त्यांचे खटके उडत. डटन यांच्याशी त्यांचे उत्तम जमले. आमच्या मते यात केवळ स्वभावाचा योग नव्हता. जो मनुष्य आपले देणे फेडावयास आला आहे, त्याला मानापमानाचा हिशेब ठेवण्यास सवड कोठून असणार? सकाळी मिस्सेची तयारी, मग रोग्यांच्या जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, औषध देणे, दुपारी सुतारकाम, संध्याकाळी पुन्हा पट्ट्या. कुजलेल्या मांसाची दुर्गंधी अशी असे की नवीन माणसास तेथे उभे राहवत नसे. असे दोन वर्षे नऊ महिने त्यांनी एकत्र काम केले.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहातील सोमवारी, दामियन निवर्तले. मदर मारियान व त्यांच्या फ्रान्सिस्कन भगिनी त्याआधी पाच महिने, नोव्हेंबर १८८८ मध्ये, मोलोकाईस आल्या होत्या. भगिनी आणि ब्रदर जोसेफ आपल्या पोरक्या लेकरांस टाकणार नाहीत, हा भरवसा मरणाऱ्या धर्मगुरूंस मोठा आधार वाटला. मुलींची व्यवस्था कालाउपापा येथे झाली. मुलगे कालावाव येथेच राहिले. त्यांच्या देखभालीस १८९० पासून काही भगिनी तेथे येऊन राहिल्या, व १८९५ साली त्यांची जागा दामियन यांच्याच संघाच्या ब्रदरांनी घेतली. १८९४ साली हेन्री बाल्डविन या साखरेच्या मळेवाल्याच्या देणगीतून मंदिरासमोर नवीन इमारती उभ्या राहिल्या व त्यास बाल्डविन होम हे नाव मिळाले. देणारा प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचा मुलगा होता, हेही येथे नोंदविले पाहिजे. या गृहाचा कारभार ब्रदर जोसेफ यांजकडे होता.

आता ते पलटणीतील कोठारखाते कामास आले. किती मुले, कोणास कोणते औषध, कपडा किती उरला, आरोग्यखात्याकडून काय यावयाचे आहे, हे सारे त्यांच्या वह्यांत असे. मुलांस त्यांनी काम दिले, खेळ दिले. रोगाने बोटे झडली तरी मुले मुलेच असतात, हे ज्याला समजते तोच असे गृह चालवू शकतो. मुले मरत. पुष्कळ मरत. ज्याच्या पट्ट्या काल बांधल्या त्याला आज मातीत ठेवावयाचे व परत येऊन पुढच्या मुलाच्या पट्ट्या बांधावयाच्या. तरुणपणी सैनिकांची हाडे गोळा करणाऱ्या या माणसाने मोलोकाईत किती लेकरांस मूठमाती दिली असेल! आणि तरीही ज्यांनी त्यांस पाहिले त्यांनी त्यांचे वर्णन शांत व प्रसन्न असेच केले आहे. प्रायश्चित्त म्हटले की आपण कपाळास आठ्या घालतो. हा मनुष्य प्रायश्चित्त करावयास आला आणि त्यास तेथे घर मिळाले. त्या रोगाची बाधा त्यांस कधीही झाली नाही.

१८९८ साली हवाई अमेरिकेच्या ताब्यात गेले. ज्या देशाचा किनारा सोडून ब्रदर जोसेफ परक्या राज्यात आले होते, त्याच देशाचे निशाण त्यांच्या मागे तेथवर आले. जुन्या सैनिकास ते प्रिय होते. १९०८ साली अमेरिकेच्या सोळा युद्धनौकांचा काफिला पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला असता, माझ्या मुलांस ती जहाजे पाहावयास मिळावीत, अशी विनंती त्यांनी केली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती मान्य केली. १६ जुलै १९०८ रोजी तो काफिला वाट वळवून मोलोकाईजवळून गेला व जहाजांनी निशाणे लववून मानवंदना दिली. वर्तमानपत्रांनी ही मानवंदना ब्रदर जोसेफ यांस मिळालेला सन्मान म्हणून गाजविली. आम्हांस मात्र किनाऱ्यावर उभी राहिलेली ती मुले अधिक महत्त्वाची वाटतात. ज्यांस जगाने कड्याखाली लोटून दिले होते, त्यांच्यासमोरून त्या दिवशी जग आपण होऊन गेले, आणि मागणाऱ्याने स्वतःकरिता काहीच मागितले नव्हते.

त्यांची कीर्ती पसरली तशी जगभरातून पत्रे येऊ लागली. आम्हीही मोलोकाईस येतो, असे लिहिणारे पुष्कळ असत. अशांस त्यांचे सांगणे असे की प्रत्येकाचे मोलोकाई तो जेथे आहे तेथेही असू शकते. पत्रांस उत्तरे देण्याचे काम रात्री चाले. या सर्व काळात ते बेट सोडून एकदाही बाहेर गेले नाहीत. चव्वेचाळीस वर्षांनी, १९३० साली, दृष्टी अगदी अधू झाली तेव्हा उपचाराकरिता त्यांस होनोलुलु येथे नेण्यात आले. तेथे २६ मार्च १९३१ रोजी त्यांनी देह ठेवला. अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास महिनाच उरला होता. त्यांचे शव कालावावला परत नेऊन मंदिराच्या आवारात पुरण्यात आले.

पुढील वर्षी, १९३२ साली, बाल्डविन होम कालाउपापा येथे हलविण्यात आले. १९३६ साली दामियन यांचे अवशेष बेल्जियमला नेले गेले. १९४६ च्या सुमारास नवी औषधे तेथे पोचली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. १९६९ साली रोग्यांस कोंडून ठेवण्याचा नियमही उठला. दामियन यांस २००९ साली व मदर मारियान यांस २०१२ साली संतपद मिळाले. ब्रदर जोसेफ यांच्या जीवनाची चौकशी होनोलुलु धर्मप्रांताने २०२२ साली रीतसर सुरू केली. दामियन यांच्या उजव्या हाताचे अवशेष १९९५ साली कालावावच्या त्यांच्या जुन्या कबरीत परत आणून ठेवण्यात आले. तेथे आता वस्ती उरलेली नाही. मंदिर उभे आहे, आणि त्याच आवारात ब्रदर जोसेफ यांची कबर आहे.