मुंबई बंदराचा चित्रकार जेम्स वेल्स

सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांचा चित्रकार म्हणून जेम्स वेल्स हे नाव इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहेच. परंतु आपणां खाडीकाठच्या लोकांचे त्याच्याशी असलेले नाते निराळे असून त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

वेल्सचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडमधील पीटरहेड या बंदरगावी झाला. चित्रकला त्याने बहुतांशी स्वप्रयत्नाने साध्य केली. १७९१ साली तो मुंबईस आला आणि पुण्यास जाण्यापूर्वीच मुंबई बेटाची दृश्ये रेखाटू लागला. १७९१ व १७९२ या वर्षांत मलबार टेकडी, शीवचा किल्ला, घारापुरी इत्यादी ठिकाणांहून त्याने बारा दृश्ये चित्रित केली. त्यांतील बंदराच्या देखाव्यांत मोठ्या जहाजांबरोबरच आपल्या पाण्यावरील लहान गलबतांसही स्थान मिळाले. त्या काळी खाडीच्या पश्चिमेस साष्टी इंग्रजांकडे, तर पूर्वेस बेलापूर पेशव्यांकडे होते. सत्ता दोन असल्या तरी खाडी एकच होती, आणि दोन्ही काठ जोडण्याचे काम मचवे व होड्या करीत.

पुढे इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने वेल्सने पुण्यात दरबारी चित्रे काढली. गंगाराम तांबट हा गुणी मराठी चित्रकार त्याच्या हाताखाली तयार झाला. वेरूळची लेणी रेखाटून वेल्स साष्टीतील लेण्यांकडे वळला. परंतु नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाणे येथे त्याचे देहावसान झाले. मुंबईच्या दृश्यांचा संग्रह १८०० साली व वेरूळची चित्रे १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ते पाहण्याचे भाग्य त्यास लाभले नाही.

वेल्सच्या कुंचल्याने राजपुरुषांची नावे व मुद्रा जतन केल्या. गलबतांची आकृती राहिली, पण ती हाकारणाऱ्या तांडेलांची व खलाशांची नावे मात्र कोणी नोंदविली नाहीत. १९७० नंतर नवी मुंबई उभी राहताना खाडीचा काठ पालटला आणि कित्येक जुने धक्के लोपले. परक्या देशातून आलेल्या चित्रकाराने आपले पाणी जपून ठेवले. त्यावरील माणसांची नावे जपणे हे आपले कर्तव्य होय. तरी प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाडवडिलांच्या होड्यांची, तांडेलांची व धक्क्यांची नावे वृद्धांस विचारून लिहून ठेवावीत, अशी सर्व ज्ञातिबंधु-भगिनींस नम्र विनंती आहे.