शेती शिकायला गेलेले कार्ल रॉजर्स जगाला ऐकून घ्यायला शिकवून गेले

आज तुम्ही काउन्सेलरकडे गेलात तर तो तुम्हाला ‘पेशंट’ म्हणत नाही, बसल्या बसल्या सल्लेही देत नाही. आधी ऐकून घेतो. ही पद्धत रुजवण्यात मोठा वाटा आहे कार्ल रॉजर्स यांचा.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ सालचा, अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या ओक पार्कचा. घर कडक धार्मिक. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी सुरुवातीला शेतीचंच शिक्षण घ्यायला घेतलं. मग धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं, न्यूयॉर्कच्या सेमिनरीत दाखल झाले. तिथेही मन रमेना, म्हणून कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळले.

एका आईने दिलेला धडा

१९२८ साली रोचेस्टर शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी लागली. तिथे त्यांनी १२ वर्षं काढली. एका त्रासदायक मुलाच्या आईला ते आठवडेच्या आठवडे समजावत होते. फरक शून्य. शेवटी त्यांनी हात टेकले. निघताना त्या बाईंनी विचारलं, इथे मोठ्यांचं ऐकून घेतात का? परत बसून त्या आपल्या संसाराची कहाणी सांगू लागल्या. रॉजर्स फक्त ऐकत राहिले. हळूहळू आई सावरली आणि मुलगाही सुधारला. दुखणं कुठे आहे हे समोरच्यालाच ठाऊक असतं, हे रॉजर्सना तिथे कळलं.

बंद खोलीतलं काम उघड्यावर

१९४० मध्ये ते ओहायोत प्राध्यापक झाले. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका केसच्या आठ भेटींचं रेकॉर्ड केलेलं संभाषण जसंच्या तसं छापलं. काउन्सेलर नेमकं काय बोलतो, कुठे चुकतो, हे विद्यार्थ्यांना प्रथमच पानापानावर दिसलं.

१९४५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात काउन्सेलिंग सेंटर उभारलं. तिथेच एका अवघड केसने ते स्वतः कोलमडले. काम सोडून पत्नी हेलनसोबत दोन-तीन महिने दूर गेले. परतल्यावर आपल्याच एका सहकाऱ्याकडे त्यांनी उपचार घेतले आणि पुन्हा कामाला लागले.

४ फेब्रुवारी १९८७ रोजी त्यांचं निधन झालं. काउन्सेलिंगमध्ये करिअर करायचं असेल तर पदवी लागतेच. पण आपलं काम दुसऱ्याला तपासू देणं आणि गरज पडली तर स्वतः मदत मागणं, हेही या पेशाचाच भाग आहे.