नावेच्या पाठीवर इंजिन अडकवणारा ओले

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठाला बोटी फिरल्या. त्यांच्या मागच्या फळीला अडकवलेलं घरघरणारं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. त्याला आऊटबोर्ड मोटार म्हणतात. ते बाजारात रुजवणारा माणूस शेतकऱ्याच्याच घरचा होता. त्याचं नाव ओले एव्हिनरूड.

ओलेचा जन्म १८७७ सालचा, नॉर्वेतला. तो पाच वर्षांचा असताना घरचे अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात गेले आणि रिप्ली तळ्याजवळ शेती करू लागले. शाळा जेमतेमच झाली. पोराला यंत्रांचा आणि होड्यांचा नाद. त्यानं चोरून केलेल्या पहिल्या होडीचं बापानं सरपण केलं म्हणतात. पण बाप घरी नसताना पोरानं दुसरी होडी उभी केलीच. सोळाव्या वर्षी तो गाव सोडून कारखान्यांत कामाला लागला आणि पुढं मिलवॉकीत पॅटर्नमेकर झाला. ओतकामासाठी लाकडी साचा करणारा हा कारागीर कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना नव्यानं सांगायला नको.

१९०६ च्या सुमाराची एक गोष्ट सांगतात. तळ्यावर सहलीला गेले असता बेस कॅरीला आइस्क्रीम हवं झालं. ओले भर उन्हात मैलोगणती वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम पाघळलं. गोष्टीला थोडं मीठ लागलेलं असणार. त्याच्या आधीही अशा मोटारी निघाल्या होत्या, हेही खरं. पण १९०९ साली त्यानं जी केली ती चालली आणि खपली. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती, वजन २८ किलोच्या आसपास. वर फ्लायव्हील, मधून खाली जाणारा उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा. पहिली मोटार बघून बेसला ती कॉफी दळायच्या चक्कीसारखी वाटली. तोवर ती त्याची बायको झाली होती. हिशेब आणि पत्रव्यवहार तीच बघे, जाहिरातही तिनंच लिहिली. १९११ मध्ये पेटंट मिळालं.

आता तुमच्या ग्रामपंचायतीच्या गोदामातली जुनी मोटार बाहेर काढा. मांडणी अजून तीच आहे. पॉवर स्प्रे किंवा लुना ज्यानं खोलली आहे त्याला ती परकी नाही. सुरू होत नसेल तर आधी ठिणगी बघा. प्लग काढून पुसा, टोपणात बसवून सिलिंडरच्या अंगाला टेकवा आणि दोरी ओढा. निळी ठिणगी पडली तर मॅग्नेटो ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा काहीच नाही, तर नवा प्लग, मग पॉइंट घासणं, शेवटी कॉइल. हे करताना पेट्रोल लांब ठेवा.

ठिणगी आहे तर दोष बहुधा पेट्रोलचा. गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत राहिलं की त्याचा चिकटा कार्बोरेटरच्या बारीक भोकात बसतो. जुनं ओतून टाका आणि जेट साफ करा. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला तर मोटार दोन-चार मिनिटांत गप होते आणि माणसं उगाच इंजिन खोलत बसतात. टू-स्ट्रोक मोटारीत पेट्रोलमध्ये ऑइल हवंच. बऱ्याच मोटारींना ५० ला १, फार जुन्यांना २५ ला १. पण पुस्तकात असेल तेच धरा. कोरं पेट्रोल घातलं की पिस्टन जाम झालाच समजा.

मोटार कधीही कोरडी चालवू नका. पाण्याच्या पिंपात पंपाच्या वरपर्यंत पाणी भरून सुरू करा. बाजूच्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. भोक मोकळं असूनही धार नसेल, तर पंपातलं रबरी चाक कडक झालंय, ते बदला. इंजिन गरगरतंय पण बोट हलत नाही, तर पंख्याची पिन तुटली. दगडाला किंवा बुडालेल्या कुंपणाला पंखा लागला की गिअर वाचावा म्हणून ती आधी तुटते. तिच्या जागी टणक खिळा ठोकलात तर पुढच्या वेळी गिअर जाईल. दोन पिना बोटीतच बांधून ठेवा. गिअरचं ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर सील गेलं.

ओलेचं पुढं असं झालं की बेसची तब्येत ढासळली. त्यानं आपला वाटा भागीदाराला विकला आणि पाच वर्षं या धंद्यात न येण्याचं कबूल केलं. ते त्यानं पाळलंही. पण डोकं रिकामं बसलं नाही. ॲल्युमिनियम वापरून त्यानं दोन सिलिंडरची हलकी मोटार आखली. जुन्या भागीदाराला ती नको होती. मग नवरा-बायकोनं १९२१ मध्ये एल्टो नावानं नवी कंपनी काढली आणि जुन्या कंपनीलाच घाम फोडला. १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि ओले अध्यक्ष झाला. लगेच मंदी आली. १९३३ मध्ये बेस गेली, १९३४ मध्ये ५७ व्या वर्षी ओलेही गेला. कारभार मुलानं, राल्फनं, सांभाळला.

एव्हिनरूड नावाच्या मोटारींचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. तेव्हा गावातली मोटार त्या नावाची असो की दुसऱ्या, तिच्या पाटीवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर आजच वहीत उतरवून घ्या. सुट्या भागांच्या दुकानात पहिला प्रश्न तोच येतो, आणि जून लागल्यावर भाग मागवून उपयोग नसतो.