जेम्स ब्लिश : दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणारा लेखक

दूरचित्रवाणीवर एखादी मालिका गाजली की तिच्यावरून पुस्तके निघतात. या पुस्तकांना साहित्याच्या पंगतीत कोणी पाट मांडत नाही. कथा दुसऱ्याची, पात्रे दुसऱ्याची, संवादही दुसऱ्याचेच, मग लेखकाने केले काय? शिळ्या कढीला ऊत आणला, एवढेच ना? असा प्रश्न जाणकार मंडळी विचारतात, आणि तो अगदीच चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. परंतु ज्याने आयुष्यभर हाच प्रश्न इतरांना विचारला, ज्याची समीक्षा वाचून भलेभले लेखक दबकून असत, त्याच लेखकावर अशी पुस्तके लिहिण्याची पाळी आली आणि जग त्याला त्याच पुस्तकांमुळे ओळखू लागले, तर? अमेरिकन विज्ञानकथाकार जेम्स ब्लिश यांचे चरित्र या प्रश्नासाठी पाहण्यासारखे आहे.

जेम्स ब्लिश यांचा जन्म 23 मे 1921 रोजी न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज या गावी झाला. शाळेत असतानाच त्यांना विज्ञानकथांचे वेड लागले. त्या काळी अमेरिकेत स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेली विज्ञानकथांची मासिके निघत. ती वाचून समाधान होईना, म्हणून या मुलाने ‘द प्लॅनेटियर’ नावाचे स्वतःचे एक छोटे नियतकालिक काढले. छापखाना कुठला परवडणार! जेलीच्या थरावर शाईचा मजकूर उमटवून त्यावरून एकेक प्रत काढायची, अशा घरगुती पद्धतीने ते निघे. आपल्याकडे हस्तलिखित काढणाऱ्या उत्साही मुलांची जी जात, तीच ही.

पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘फ्युचरियन्स’ नावाच्या तरुणांच्या मंडळात ते वावरू लागले. आयझॅक असिमॉव्ह, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लथ, डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल अशी पुढे नावारूपाला आलेली माणसे त्या मंडळात होती. बहुतेकांच्या खिशात पैसे नसत आणि डोक्यात जग बदलण्याच्या योजना असत. पोल यांच्या हाती एका मासिकाचे संपादन आले आणि मार्च 1940 च्या अंकात ब्लिश यांची पहिली कथा छापून आली. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

शिक्षण मात्र त्यांनी साहित्याचे घेतले नाही. 1942 साली रटगर्स विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली. महायुद्धाच्या धामधुमीत सैन्यात वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणून दोन वर्षे काढली. परतल्यावर कोलंबिया विद्यापीठात पुढील अभ्यास सुरू केला, पण तो पुरा केला नाही. लेखनाची ओढ प्रयोगशाळेपेक्षा जबर ठरली. तरी विज्ञानाने त्यांना सोडले नाही. गुरू-शनीसारख्या वायूच्या अजस्र ग्रहांना इंग्रजीत आज सर्रास ‘गॅस जायंट’ म्हणतात. हा शब्द खगोलशास्त्रज्ञाने दिलेला नाही. तो ब्लिश यांनी 1952 साली आपल्या एका कथेत वापरला आणि तेथून तो शास्त्रात गेला. कथेतला शब्द पाठ्यपुस्तकात जाऊन बसावा, हा मान फार थोड्या लेखकांना मिळाला असेल.

1950 पासून त्यांनी ‘ओकी’ कथा लिहायला घेतल्या. या कथांत पृथ्वीवरची शहरेच्या शहरे एका यंत्राच्या बळावर उचलली जातात आणि काम शोधत ताऱ्यांमधून हिंडतात. जेथे मजुरी मिळेल तेथे उतरायचे, काम संपले की पुढे निघायचे. ‘ओकी’ हे नाव 1930 च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी जमीन गेल्यामुळे ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या शेतकऱ्यांना लोक हिणवून देत असत. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. या कथांतून चार कादंबऱ्या झाल्या आणि 1970 साली ‘सिटीज इन फ्लाइट’ या नावाने त्या एकत्र प्रसिद्ध झाल्या.

त्यांची सर्वांत नावाजलेली कादंबरी म्हणजे 1958 ची ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’. परग्रहावर गेलेला एक जेझुइट धर्मगुरू, जो जीवशास्त्रज्ञही आहे, तिचा नायक आहे. त्या ग्रहावरील प्राणी सदाचारी आहेत, शांत आहेत, पण त्यांना देव ठाऊक नाही. देवावाचून इतका चांगुलपणा कसा संभवतो, या विचाराने त्या धर्मगुरूची झोप उडते. या कादंबरीला 1959 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्ञानाची हाव हे पाप तर नव्हे ना, हा प्रश्न ब्लिश यांना पुढेही छळत राहिला. मध्ययुगीन विद्वान रॉजर बेकन याच्यावरील ‘डॉक्टर मिराबिलिस’ ही 1964 ची ऐतिहासिक कादंबरी त्याच प्रश्नातून आली.

समीक्षक म्हणून ते ‘विल्यम अ‍ॅथलिंग ज्युनिअर’ हे टोपणनाव घेत. कवी एझ्रा पाउंड याने संगीतसमीक्षा लिहिताना ‘विल्यम अ‍ॅथलिंग’ हे नाव घेतले होते, त्यावरून हे उचललेले. विज्ञानकथा असली म्हणून व्याकरण ढिले, पात्रे पोकळ आणि विज्ञान चुकीचे चालणार नाही, हा त्यांचा आग्रह. मित्र म्हणून कोणाला सवलत नाही. ही समीक्षा 1964 व 1970 साली दोन पुस्तकांत संग्रहित झाली. 1956 साली डेमन नाइट आणि ज्युडिथ मेरिल यांच्याबरोबर त्यांनी पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड गावी लेखकांची परिषद सुरू केली. तेथे लेखकांनी एकमेकांच्या हस्तलिखितांची चिरफाड करायची असा रिवाज होता.

एवढे सगळे करून पोट भरत नव्हते. 1955 पासून ब्लिश फायझर या औषध कंपनीत विज्ञानविषयक संपादनाचे काम करीत होते. 1962 पासून ते तंबाखू उत्पादकांच्या ‘टोबॅको इन्स्टिट्यूट’ या संस्थेत नोकरीला लागले. 1964 साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा अमेरिकन सरकारचा अहवाल आला, त्यावेळी हा विज्ञानाचा पदवीधर, सदसद्विवेकावर कादंबरी लिहिणारा लेखक, तंबाखूवाल्यांच्या पगारावर होता. हे वाचून मन खट्टू होते. पण महिन्याच्या पगाराची गरज ज्याला ठाऊक आहे तो त्यांना चटकन दोषी ठरवणार नाही.

8 सप्टेंबर 1966 रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. निर्माते होते जीन रॉडनबरी. बॅन्टम या प्रकाशनसंस्थेने तिच्या भागांवरून कथा लिहिण्याचे काम ब्लिश यांना दिले. जानेवारी 1967 मध्ये पहिले पुस्तक बाजारात आले. त्यात सात कथा होत्या.

हे काम कसे होते ते पाहण्यासारखे आहे. लेखकाच्या हाती पटकथा यायची. पटकथेत संवाद असतात आणि कोण कोठून आत आला एवढ्या सूचना. चेहरा नट देतो, भीती संगीत देते, जहाज तंत्रज्ञ देतात. कागदावर यातले काही नसते. तासाभराचा भाग वीसेक पानांत बसवायचा, वगळायचे काय ते ठरवायचे आणि उरलेल्याला आतून विचार द्यायचा, हे रूपांतरकाराचे काम. शिवाय पटकथा पुष्कळदा कच्चा खर्डा असे; चित्रीकरणापर्यंत ती बदले. त्यामुळे ब्लिश यांच्या कथा आणि पडद्यावरचे भाग जागोजागी वेगळे पडतात. पडद्यावरचा ‘द मॅन ट्रॅप’ पुस्तकात ‘द अनरिअल मॅकॉय’ होतो, ‘चार्ली एक्स’चे नाव ‘चार्लीज लॉ’ होते. मधूनच ते आपल्या ‘ओकी’ कादंबऱ्यांतील व्हेगन साम्राज्याचा उल्लेखही हळूच सोडून देतात. भाड्याच्या घरात आपले एक चित्र टांगावे तसे हे वाटते.

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग हार्लन एलिसन यांनी लिहिला होता, पण पडद्यावर येईतो तो इतरांनी बराच बदलला आणि एलिसन फार संतापले. 1968 च्या दुसऱ्या पुस्तकात रूपांतर करताना ब्लिश यांनी मूळ पटकथा आणि प्रक्षेपित भाग या दोहोंतले चांगले ते घेऊन कथा बांधली. येथे केवळ नक्कल उरत नाही. दोन पाठांतून एक निवडणे ही संपादकाची, समीक्षकाची दृष्टी आहे, आणि माझ्या मते विल्यम अ‍ॅथलिंग ज्युनिअरच येथे कामाला लागला आहे.

3 जून 1969 रोजी मालिका बंद पडली. 79 भाग झाले होते. तेव्हा घरोघरी भाग साठवून ठेवण्याची सोय नव्हती. पुनःप्रक्षेपण होईल तेव्हा पाहायचे, नाहीतर ब्लिश यांचे पुस्तक उघडायचे. वाचकांची पत्रे एवढी येऊ लागली की सर्वांना उत्तरे देणे अशक्य झाले. त्यांतले कितीतरी वाचक असे की ज्यांनी ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’चे नावही ऐकले नव्हते. घरात पुस्तकाचे कपाट नसलेल्या मुलाला वाचनाचा दरवाजा कोठून उघडेल हे सांगता येत नाही. तो स्वस्त पुस्तकातून उघडला म्हणून कमी प्रतीचा ठरत नाही, असे मला वाटते.

तसे पाहता मालिका आणि पुस्तक यांचे नाते इंग्लंडातही होते. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासमवेत ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका 1961 साली बीबीसीसाठी लिहिली आणि पुढच्याच वर्षी तिची कादंबरी केली. परंतु तेथे गोष्ट लेखकांची स्वतःची होती.

फेब्रुवारी 1970 मध्ये ब्लिश यांनी ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही स्वतंत्र कादंबरी लिहिली. मुलांसाठी मॅक रेनल्ड्स यांनी 1968 साली लिहिलेले एक पुस्तक सोडले, तर स्टार ट्रेकवरील ही पहिली स्वतंत्र कादंबरी. माणसाला एका ठिकाणी विरघळवून दुसरीकडे उभे करणाऱ्या यंत्रात बिघाड होतो आणि एकाचे दोन स्पॉक होतात. पलीकडे उभा राहतो तो तोच माणूस की त्याची प्रत? आणि आत्म्याचे काय? डॉक्टर मॅकॉय यांना पडलेली ही शंका त्या जेझुइट धर्मगुरूच्या शंकेची सख्खी बहीण आहे. पात्रे उसनी असली तरी प्रश्न ब्लिश यांचा आहे.

1968 साली ब्लिश यांनी तंबाखूची नोकरी सोडली आणि दुसऱ्या पत्नी ज्युडिथ लॉरेन्स यांच्यासह ते इंग्लंडला गेले. हेन्ली-ऑन-थेम्सजवळ त्यांनी बिऱ्हाड केले. आता घर चालवण्यात स्टार ट्रेकच्या पुस्तकांचा मोठा वाटा होता. पण त्यांना त्या कामाचा कंटाळा येऊ लागला होता आणि प्रकृतीही साथ देईना. नंतरच्या खंडांतील पुष्कळसे लेखन ज्युडिथ आणि त्यांच्या आई यांनी मिळून केले, हे पुढे उघड झाले. मुखपृष्ठावर मात्र एकट्या ब्लिश यांचेच नाव राहिले. दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या लेखकाच्या पाठीमागे आणखी दोन बायका बसून लिहीत होत्या आणि वाचकांची पत्रे त्यांना कधी आली नाहीत. मला या चरित्रातला हा भाग सर्वांत जास्त बोचतो.

30 जुलै 1975 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ब्लिश यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. ऑक्सफर्डच्या होलिवेल दफनभूमीत त्यांना पुरले. त्यांची हस्तलिखिते तेथल्याच बॉडलियन ग्रंथालयात आहेत.

79 पैकी काही भाग अजून उरले होते. बारावा खंड ज्युडिथ यांनी पुरा केला आणि 1977 साली तो आला, तेव्हा ब्लिश यांच्या नावाखाली त्यांचेही नाव प्रथमच छापले गेले. हॅरी मड नावाच्या ठकाचे दोन भाग तेवढे वेगळे ठेवलेले होते. ते त्यांनी 1978 साली ‘मड्स एंजल्स’ या पुस्तकात घेतले, त्यांना जोडून स्वतःची एक नवी लघुकादंबरी लिहिली, आणि त्या पुस्तकावर लेखिका म्हणून जे. ए. लॉरेन्स असे त्यांचे नाव आले.