ऑगस्ट क्रोग
शॅक ऑगस्ट स्टीनबर्ग क्रोग (१५ नोव्हेंबर, १८७४ - १३ सप्टेंबर, १९४९) हे डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. केशवाहिन्यांमधील रक्तप्रवाहाचे नियमन कसे होते याचा शोध लावल्याबद्दल त्यांना १९२० साली शरीरक्रियाविज्ञान व वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डेन्मार्कमध्ये इन्शुलीन आणण्याचे श्रेयही मुख्यतः त्यांच्याकडे जाते.

पूर्वायुष्य
क्रोग यांचा जन्म डेन्मार्कमधील ग्रेनो या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजबांधणीच्या व्यवसायात होते. कोपनहेगन विद्यापीठात वैद्यकासाठी दाखल झालेले क्रोग लवकरच प्राणिशास्त्राकडे वळले आणि ख्रिस्तियन बोर (भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील) यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. फुप्फुसे प्राणवायू स्रवून रक्तात ढकलतात, असे बोर यांचे मत होते. क्रोग यांनी पत्नी मारी यांच्यासह केलेल्या काटेकोर मोजमापांतून प्राणवायू केवळ विसरणाने रक्तात जातो हे दाखवून दिले. गुरूंचे मत खोडून काढणारे हे निष्कर्ष १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. १९०५ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या मारी स्वतः डॉक्टर होत्या. त्या केवळ मदतनीस नव्हत्या, संशोधनात बरोबरीच्या भागीदार होत्या.

केशवाहिन्यांचे संशोधन
श्रम करताना स्नायूला विश्रांतीपेक्षा कितीतरी पट अधिक प्राणवायू लागतो. तो मिळतो कसा, हा क्रोग यांचा प्रश्न होता. प्राण्यांच्या रक्तात शाई सोडून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे काप तपासले. विश्रांत स्नायूत थोड्याच केशवाहिन्यांत शाई आढळली. श्रमलेल्या स्नायूत ती असंख्य वाहिन्यांत पोहोचली होती. गरजेनुसार बंद वाहिन्या उघडतात व त्यामुळे प्राणवायूला पेशीपर्यंत कमी अंतर कापावे लागते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एका केशवाहिनीभोवतीच्या ऊतीला दंडगोल कल्पून तिला होणाऱ्या प्राणवायूच्या पुरवठ्याचे गणित त्यांनी मांडले. त्यासाठी गणितज्ञ एरलांग यांची मदत झाली. विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून थोडेफार रक्त वाहते, असे पुढील संशोधकांना आढळले. क्रोग यांचे मूळ चित्र त्यामुळे बदलले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न आजही टिकून आहे.

इन्शुलीन
१९२२ च्या शरद ऋतूत क्रोग व्याख्यानांसाठी अमेरिकेत गेले, तेव्हा मारी सोबत होत्या. त्यांना मधुमेह जडला होता. त्या काळी या रोगावर कडक पथ्याखेरीज विशेष उपाय नव्हता आणि अनेक रुग्ण, विशेषतः मुले, उपासमारीच्या आहारावर दिवस ढकलत. टोरोंटो येथे स्वादुपिंडाचा अर्क देऊन रुग्ण सुधारत असल्याचे कळताच मारी यांनी तेथे जाण्याचा आग्रह धरला. जॉन मॅक्लिऑड यांच्याकडून माहिती घेऊन आणि विद्यापीठाकडून स्कँडिनेव्हियात इन्शुलीन बनवण्याची परवानगी मिळवून क्रोग वर्षअखेरीस मायदेशी परतले.

डॉ. हान्स ख्रिस्तियन हागेडोर्न यांच्या सहकार्याने त्यांनी लगेच काम सुरू केले. मार्च १९२३ मध्ये डेन्मार्कमधील पहिल्या रुग्णांना इन्शुलीन मिळाले. त्यातूनच नॉर्डिस्क इन्शुलीन प्रयोगशाळा उभी राहिली. औषधनिर्माते ऑगस्ट कोंगस्टेड यांनी तिला अर्थसाहाय्य दिले. नफा खाजगी खिशात न जाता संशोधन व रुग्णसेवेसाठी वापरावा, असे तिचे धोरण होते. पुढे १९८९ मध्ये नोवो कंपनीशी एकत्रीकरण होऊन नोवो नॉर्डिस्क ही कंपनी अस्तित्वात आली.

दोन विषयांचा संबंध
केशवाहिन्या आणि इन्शुलीन हे क्रोग यांच्या आयुष्यातील दोन वेगळे अध्याय होते. ते एकमेकांशी किती निगडित आहेत हे नंतरच्या संशोधनातून उमगले. इन्शुलीन रक्तवाहिन्यांच्या अस्तर-पेशींतून नायट्रिक ऑक्साइड स्रवण्यास चालना देते. वाहिन्या रुंदावतात आणि स्नायूंकडे अधिक रक्त व साखर पोहोचते. नव्या वाहिन्या निर्माण होण्यासही ते हातभार लावते. शरीर इन्शुलीनला दाद देईनासे झाले की हा परिणाम मंदावतो. मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम लवकर भरत नाही, त्याचे हे एक कारण आहे. डोळ्यात मात्र उलट घडते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या बंद पडतात. मग प्राणवायूच्या अभावाने वाहिनीवर्धक घटक स्रवतात आणि नाजूक, गळक्या नव्या वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते.

उत्तरायुष्य
क्रोग यांनी पुढे कीटकांचे उड्डाण आणि प्राण्यांच्या शरीरातील पाण्याचे नियमन यांचा अभ्यास केला. १९४३ मध्ये मारी यांचे निधन झाले. जर्मन ताब्याच्या काळात, १९४४ मध्ये, क्रोग यांना स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला. युद्धानंतर ते परतले व कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या बोडिल श्मिट-नील्सन याही शरीरक्रियाशास्त्रज्ञ होत्या.