डॉ. एडवर्ड जेन्नर

आमच्या शाळेत धनुर्वात व घटसर्पाची लस टोचायला आरोग्यसेविका आल्या होत्या. मी लई घाबरलो आणि पाण्याच्या टाकीमागे लपलो. बाईंनी मला शोधून आणले. मग त्यांनी मला डॉ. जेन्नर यांची माहिती सांगितली. तीच मी लिहीत आहे.

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडमधील बर्कली या गावी झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांचे आईवडील वारले. तेव्हा देवीच्या रोगाने पुष्कळ माणसे मरत. काही आंधळी होत. रोग येऊ नये म्हणून माणसाच्या देवीच्या फोडातला द्रवच निरोगी मुलांना टोचत. जेन्नर आठ वर्षांचे असताना त्यांनाही तो टोचला. त्यांचे फार हाल झाले.

पुढे ते लंडनला जॉन हंटर यांच्याकडे शिकले व डॉक्टर होऊन गावी परतले. तिकडे गायीच्या सडांवर फोड येत. दूध काढणाऱ्या बायांच्या हातांनाही ते येत. ज्यांना हे फोड आले, त्यांना खऱ्या देवी येत नाहीत, असे लोक म्हणत. जेन्नर यांनी हे नीट तपासायचे ठरवले.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या मुलीच्या हातावरच्या फोडातला द्रव माळ्याच्या मुलाला टोचला. त्याचे नाव जेम्स फिप्स. तोही आठच वर्षांचा होता! जुलैत त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचला, पण त्याला देवी आल्या नाहीत. मला वाटते, जेम्स माझ्यापेक्षा जास्त भ्याला असेल. बाई म्हणाल्या की आता कोणावर असा प्रयोग करू देत नाहीत.

१७९८ मध्ये जेन्नर यांनी यावर पुस्तक लिहिले. लॅटिन भाषेत गायीला वॅक्का म्हणतात. त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला. १८८१ मध्ये लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या मानासाठी इतर रोगांच्या लसींनाही हेच नाव द्यावे असे सुचवले. म्हणून माझ्या इंजेक्शनात गायीचे काही नसले तरी नाव गायीचेच आहे! आपल्याकडे फोडातून येणाऱ्या चिकट पाण्याला लस म्हणतात. टोचायच्या औषधालाही आपण लसच म्हणतो.

१८०२ साली ही लस मुंबईला आली. १४ जून रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. माझ्या आजीच्या दंडावर गोल वण आहे. आजी म्हणते, तिला लहानपणी देवी काढल्या होत्या. माझ्या दंडावर तसा वण नाही, कारण १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले.

जेन्नर यांनी जेम्सला राहायला फुकट घर दिले. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर वारले. तेव्हा जेम्स त्यांच्या अंत्ययात्रेला गेला होता.

माझा हात दोन दिवस दुखला. मित्रांनो, पुढच्या वेळी मी लपणार नाही. तुम्हीही लपू नका.

— इयत्ता ४ थी