ह्यू वॉटसन : आधी निवड, मग कळप

हवामान आणि पाळीव प्राणी यांचा संबंध मुलांना शिकवताना एक चरित्र फार उपयोगी पडतं. ते आहे स्कॉटलंडमधले शेतकरी ह्यू वॉटसन यांचं. अ‍ॅबरडीन-अँगस ही मांसासाठी पाळली जाणारी काळी, भुंडी गुरं आज जगभर प्रसिद्ध आहेत. या जातीचा पाया घालणाऱ्यांमध्ये वॉटसन यांचं नाव पहिलं घेतात. आपल्याकडे गाय दुधासाठी आणि बैल शेतीसाठी. तिकडे मात्र मांसासाठी गुरं पाळणं हाच अनेक शेतकऱ्यांचा पोटापाण्याचा धंदा होता, हे मुलांना आधी सांगावं.

स्कॉटलंडच्या पूर्वेला अँगस नावाचा परगणा आहे. हिवाळा लांब, ओला आणि बोचऱ्या वाऱ्याचा. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. कुरणातलं गवत वाढायचं थांबतं, मग गुरं गोठ्यात बांधून त्यांना सलगम आणि पेंढा घालावा लागतो. अशा ठिकाणी वैरण महाग. थोड्या खाण्यावर अंग धरणारं जनावरच परवडतं.

1808 मध्ये वॉटसन यांनी केलर इथली शेती कुळाने कसायला घेतली. त्यांच्या घराण्यात आधीपासूनच तिथली स्थानिक गुरं पाळत आणि पैदास करत. वडिलांनी मुलाला आपल्या गोठ्यातल्या सहा उत्तम काळ्या गाई आणि एक वळू दिला. तेवढ्यावर भागलं असतं. पण वॉटसन त्याच उन्हाळ्यात गुरांच्या बाजारात फिरले आणि पारखून दहा कालवडी व एक वळू विकत आणला. कालवडी वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, वळू मात्र काळा. आपला कळप काळाच असेल, असं त्यांनी ठरवलं आणि पुढची निवड त्याच दिशेने केली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात इंग्लंडच्या शॉर्टहॉर्न गुरांचा मोठा बोलबाला होता. वॉटसन यांनी कळपाचा पाया मात्र स्थानिक गुरांवरच घातला. पिढ्यान् पिढ्या तिथल्या थंडीत तगलेली ही गुरं. शिवाय शिंगं नसल्यामुळे हिवाळ्यात दाटीवाटीने बांधली तरी एकमेकांना इजा करत नाहीत. यात धोकाही होताच. आज घेतलेली कालवड कधी विणार, तिचं वासरू कधी वाढणार? निवड चुकली तर ते कळायलाच तीन-चार वर्षं जातात, आणि कुळाला खंड तर दरवर्षी भरावा लागतो.

निवड बरोबर होती हे पुढे दिसलं. 1824 साली जन्मलेली त्यांची 'ओल्ड ग्रॅनी' ही गाय पस्तीस वर्षांहून जास्त जगली. तिला 29 वासरं झाल्याचं सांगतात. शेवटी ती गेली तीही म्हातारपणाने नाही, तर वीज पडून! 1842 मध्ये जन्मलेला 'ओल्ड जॉक' हा त्यांचा लाडका वळू. 1852 मध्ये पर्थच्या प्रदर्शनात त्याने वळूंमधलं सर्वोच्च बक्षीस मिळवलं. पुढे 1862 मध्ये या जातीची पहिली वंशावळ-नोंदवही छापली गेली, तेव्हा वळूंमध्ये पहिला क्रमांक ओल्ड जॉकलाच मिळाला. आजच्या बहुतेक अँगस गुरांची वंशावळ या दोघांपर्यंत मागे नेता येते.

वॉटसन यांच्या निधनानंतर, 1873 मध्ये, जॉर्ज ग्रँट यांनी या जातीचे चार वळू अमेरिकेत कॅन्ससला नेले. तिथल्या लोकांना बिनशिंगी वळू विचित्रच वाटले. पण टेक्सासच्या लांब शिंगांच्या गाईंपासून त्यांना झालेली वासरं उघड्या माळावरच्या हिवाळ्यात चांगली तगली आणि वसंतात वजनालाही जास्त भरली. मग मागणी वाढत गेली.

वर्गात हे चरित्र सांगताना 1808 च्या बाजारापाशी थांबा. मुलांना विचारा, हातात मोजके पैसे आहेत आणि पुढे लांब हिवाळा आहे, तर कोणतं जनावर घ्याल? का घ्याल? गावाकडची मुलं पटापट बोलतील : दात बघू, पाय बघू, आईची माहिती काढू. ती उत्तरं फळ्यावर लिहा आणि मगच वॉटसन यांनी काय केलं ते सांगा.